गोठलेली जमीन आणि माझी नोकरी

नाशिक, २१ डिसेंबर

दुपारी मावशी आली होती. "अगं, एवढी अमेरिकेला गेलीस, तर जरा माणसांत तरी जायचंस. अलास्का काय!" पोरीची काळजी वाटते म्हणूनच म्हणते बिचारी. पण पाहुण्यांच्या गर्दीत तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

तिचं खोटं नाहीच. महाराष्ट्राच्या पाचपटीहून मोठं राज्य आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ७ लाख ३३ हजार. एकट्या नाशिक शहरात २०११ मध्येच जवळपास १५ लाख लोक होते. मी राहते त्या फेअरबँक्स शहरात आजच्या दिवशी सूर्य चार ताससुद्धा टिकत नाही.

पण मला जमीन शिकायची होती. बाबांच्या साइटवर मी लहानाची मोठी झाले. काळ्या मातीत पाया घ्यायचा तर मुरूम लागेपर्यंत ते खोदाई थांबवू देत नाहीत. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतीला तिरकी चीर जाते. इथे जे पाणी करतं, ते तिथे उष्णता करते. खालची जमीन हजारो वर्षांपासून गोठलेली. घराची ऊब झिरपली की आतला बर्फ वितळतो आणि घर एका कोपऱ्याला खचतं.

म्हणून तर १९७७ मध्ये सुरू झालेली तिथली १,३०० किलोमीटरची तेलवाहिनी निम्म्याहून जरा जास्त अंतर जमिनीच्या वर, खांबांवरून नेलीय. गरम तेलाची नळी पुरली असती तर जमीनच वितळली असती. त्यातल्या बऱ्याच खांबांत अमोनिया भरलेल्या बंद नळ्या आहेत. हिवाळ्यात जमिनीची उष्णता घेऊन अमोनियाची वाफ वर जाते, थंड हवेत तिचा पुन्हा द्रव होतो आणि तो खाली उतरतो. ना पंप, ना वीज. त्या खांबांखाली पहिल्यांदा उभी राहिले आणि तिथूनच बाबांना फोन लावला. नाशिकला तेव्हा उजाडायचं होतं.

राहायला मिळाली ती लाकडी केबिन, आत नळ नाही. तिथले बरेच विद्यार्थी तसेच राहतात, भाडं कमी पडतं. पाणी कॅनमधून आणायचं, आंघोळ कॉलेजात. उणे ४० ला गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून बॉनेटमधून लोंबणारी वायर पार्किंगमधल्या प्लगला लावायची. पहिल्या हिवाळ्यात रडू यायचं, थंडीपेक्षा अंधाराने जास्त.

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला फक्त २० तास काम करता येतं, तेही कॅम्पसवरच. मला प्रयोगशाळेत मिळालं. गोठलेल्या मातीचा नमुना कापला की आत बर्फाचे पापुद्रे दिसायचे, काही केसाएवढे बारीक, काही बोटभर जाड. ते मोजायचे, वितळवायचे, माती किती बसते ते लिहायचं. या कामानेच पुढे नोकरी दिली. अमेरिकेतल्या, अलास्काच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मी कितीतरी अर्ज केले, व्हिसाचा विषय निघाला की समोरून उत्तर बंद. पदवीनंतर तिथे काम करायचा जो परवाना मिळतो, त्यात ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही, तो धाक वेगळाच. फेअरबँक्सच्या कंपनीने मात्र दोनच गोष्टी विचारल्या: गोठलेले नमुने हाताळलेत का, आणि हिवाळाभर राहणार का. अशी माणसं तिथेच मिळतात, नि तिथेही थोडीच.

मला तिथेच राहायचंय, निदान परवाना आहे तोवर. पहिले १२ महिने उन्हाळ्यात संपतील, इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे २४ महिन्यांची वाढ मिळू शकते. आईला हा हिशेब आवडत नाही. तिचं तोंड बघवत नाही, तरी सांगितलं.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता: थंडीत ड्रिलिंग कसं करता? दलदलीत यंत्र न्यायचं तर हिवाळाच बरा, जमीन टणक असते. फेब्रुवारीत मला तेच काम आहे. मग त्यांनी वही काढली, आणि जेवणं होईपर्यंत आम्ही दोघं आकृत्या काढत बसलो.