टॉवर एक, कंपन्या तीन

2019 च्या ऑगस्टमधे कृष्णेचं पाणी सांगलीत गावभागात शिरलं तेव्हा आत्या माडीवर अडकलेली आणि तिच्या मोबाईलला रेंज नाही, पण शेजारच्या काकूंचं दुसऱ्या कंपनीचं सिम मात्र चालू होतं, शेवटी त्यांच्याच फोनवरून आत्याचा आवाज ऐकला आणि घरात सगळ्यांच्या जिवात जीव आला. तेव्हापासून डोक्यात एकच, हवेत सिग्नल आहे, मग आत्याच्या फोनला का नको?

खांब, जनरेटर, बॅटऱ्या कंपन्या आधीपासूनच वाटून घेतात, एकाच टॉवरवर दोघातिघांचे अँटेना लटकलेले दिसतात ते त्यामुळंच. पण अँटेना आणि मागची मशिनं ज्याची त्याची, म्हणून आपलं सिम शेजारच्या कंपनीचा सिग्नल दिसत असून घेत नाही. घेऊ द्यायचं तर इंट्रा सर्कल रोमिंग लागतं, म्हणजे आपल्याच सर्कलमधे (मोबाईल सेवेचा ठरवून दिलेला विभाग, साधारण एका राज्याएवढा) दुसऱ्याच्या नेटवर्कवर फोन चालतो. जानेवारी 2025 मधे सरकारी निधीतल्या 4जी टॉवरांवर बीएसएनएल, जिओ, एअरटेल तिघांच्या ग्राहकांसाठी हे सुरू झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमधे जम्मू काश्मीरच्या पुरात दूरसंचार विभागानं कंपन्यांना तात्पुरतं रोमिंग चालू करायला लावलं. फार बरं वाटलं वाचून.

पण हा आदेश पूर आल्यावर का निघावा? आमच्याकडं कोयनेतून विसर्ग वाढला की पाणी चढणार हे आधी कळतं की, मग रोमिंग तेव्हाच चालू करा ना. आत्या अजून तिथंच राहते.