विस्कटल्यावर चुंबक होणारा मिश्रधातू

चुंबक तापवला किंवा आपटला की त्याचे चुंबकत्व कमी होते, असे शाळेत शिकवतात. लोह आणि ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू याच्या उलट वागतो. शंभर अणूंत ६० लोहाचे आणि ४० ॲल्युमिनियमचे असलेला हा पदार्थ नीट तापवून सावकाश थंड केला, तर सामान्य तापमानाला तो लोहचुंबकीय नसतो. तोच बॉल मिलमध्ये, म्हणजे कडक गोळ्यांनी दळणाऱ्या यंत्रात, काही तास दळला की त्याची पूड चुंबकाला चिकटू लागते.

कारण अणूंच्या शेजारात आहे. सुव्यवस्थित रचनेत घनाच्या कोपऱ्यांवर लोहाचे अणू बसतात आणि मध्यभागी बहुतेक ॲल्युमिनियमचे. लोह निम्म्याहून जास्त असल्यामुळे मध्यभागाच्या दर पाच जागांपैकी एका जागेवर तेच येते, म्हणजे कोपऱ्यावरच्या लोह अणूच्या आठ निकट शेजाऱ्यांत सरासरी १.६ लोहाचे असतात. दळताना ही मांडणी पूर्ण विस्कटली, तर हीच सरासरी ४.८ होते. लोह अणूला ठळक चुंबकीय परिबल (अणूचे स्वतःचे चुंबकत्व) मिळण्यासाठी साधारण चार लोहशेजारी लागतात, असे या मिश्रधातूसाठी वापरले जाणारे एक जुने प्रतिमान सांगते. ते ढोबळ आहे, कारण दळल्यावर स्फटिकाचे जालक (अणूंची नियमित चौकट) किंचित फुगते आणि त्या फुगण्याचाही चुंबकत्वात वाटा असतो. पण शेजारी मोजण्याइतक्या सोप्या हिशेबाने इतके उलगडते, हे मला आजही विशेष वाटते.

दळण्याची रीत साधी आहे. कडक पोलादाच्या भांड्यात पूड आणि तिच्या सुमारे दहापट वजनाच्या गोळ्या घालून, ऑक्सिडीकरण टाळण्यासाठी आत आर्गॉन भरून भांडे फिरवत ठेवतात. कण चपटे होतात, फुटतात आणि पुन्हा एकमेकांना सांधले जातात. क्ष-किरण विवर्तनात, म्हणजे स्फटिकातली अणूंची मांडणी क्ष-किरणांनी तपासताना, सुव्यवस्थेमुळे दिसणाऱ्या क्षीण रेषा आधी नाहीशा होतात आणि मुख्य रेषा रुंदावतात. ही रुंदी स्फटिकांचा आकार दहा-वीस नॅनोमीटरपर्यंत घटल्यामुळे येते, तशीच जालकात साठलेल्या ताणामुळेही येते. म्हणून सगळी रुंदी शेररच्या, म्हणजे रेषेच्या रुंदीवरून स्फटिकांचा आकार काढणाऱ्या, सूत्रात घालून आकाराचा एकच आकडा देणारे निबंध मी फारशा विश्वासाने वाचत नाही. किमान विल्यमसन-हॉल पद्धतीने दोन्ही वाटे वेगळे करायला हवेत.

त्याहून मोठा धोका भांड्याचाच असतो. पोलादाच्या गोळ्या झिजतात आणि लोह पुडीत मिसळते. शुद्ध लोहाचे संपृक्त चुंबकन, म्हणजे जास्तीत जास्त येऊ शकणारे चुंबकत्व, ग्रॅममागे सुमारे २१८ ईएमयू (चुंबकत्वाचे एकक) असल्यामुळे, वजनाने एक टक्का झीजसुद्धा दोन ईएमयूहून अधिक संकेत देते; मूळ नमुना जवळजवळ शून्य असताना ही रक्कम लहान नाही. व्हीएसएमचा (नमुना कंपित करून त्याचे एकूण चुंबकत्व मोजणाऱ्या उपकरणाचा) आलेख हे चुंबकत्व कोठून आले ते सांगत नाही. गॅमा किरणांनी लोहाच्या अणुकेंद्राभोवतीची स्थिती टिपणारा मॉसबाउअर वर्णपट सांगतो: वेगळ्या राहिलेल्या लोहाच्या सहा रेषा सुमारे ३३ टेस्लाच्या क्षेत्राशी जुळतात आणि रेखीव दिसतात, तर विस्कटलेल्या मिश्रधातूत प्रत्येक लोह अणूचा शेजार निराळा असल्यामुळे रुंद, एकमेकांत मिसळलेला वर्णपट मिळतो. या विषयात मॉसबाउअरची जोड नसलेल्या चुंबकीय मोजणीला मी अर्धीच मोजणी मानतो.

कोअर्सिव्हिटीबाबत, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणण्यासाठी लागणाऱ्या उलट्या क्षेत्राबाबत, अनेकांची अपेक्षा फसते. स्फटिक पुरेसे लहान झाले की ती आकाराच्या सहाव्या घाताने घटते, असे हेर्झर यांचे प्रतिमान सांगते, आणि तापवून घडवलेल्या नॅनोस्फटिकी पट्ट्यांत ते दिसतेही. दळलेल्या पुडीत मात्र साठलेला ताण आडवा येतो. एरवी तो घालवण्यासाठी पूड तापवतात. पण या मिश्रधातूत तापवले की अणू पुन्हा आपापल्या जागी जाऊ लागतात आणि ताणाबरोबर चुंबकत्वही निघून जाते.