४४ अंशात प्रायमर

आज नागपुरात पारा ४४ वर आणि टेबलावर १:७२ प्रमाणातल्या प्लास्टिक मॉडेल विमानाचे पंख. अशा कोरड्या हवेत एअरब्रशनं फवारलेला लॅकर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, प्लास्टिकवर पोचेपर्यंत हवेतच अर्धा वाळतो. बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. मग एअरब्रशचं प्रेशर वाढवायचा मोह होतो. तिथेच फसतं, जास्त हवेनं थेंब आणखी लवकर वाळतात.

मिस्टर सरफेसर १२०० (हा माझा प्रायमर) एक भाग, लेव्हलिंग थिनर दोन भाग. एरवी एकास एक चालतं, पण मे महिन्यात नाही. या थिनरमध्ये वाळणं लांबवणारा रिटार्डर असतो, त्यामुळे रंगाला पसरायला वेळ मिळतो. एअरब्रशला ०.३ मिमीची नोझल, हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय, अंतर ६-७ सेंटीमीटर. पहिला हात धुक्यासारखा, खालचं प्लास्टिक दिसलंच पाहिजे. दोन-तीन मिनिटांनी ओला हात. ओलसर चमक आली की लगेच पुढे सरकायचं, एका जागी रेंगाळलं की पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या जोडाच्या बारीक खाचा, बुजल्याच.

आणि कूलर बंद! घरचे ओरडतील, ओरडू द्या. ओल्या हवेनं लॅकरवर पांढुरकी झाक येते, शिवाय ताट्यांचा भुसा उडून नेमका पंखावर बसतो. खिडकी मात्र उघडी, आणि तोंडाला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. दुपट्टा बांधून थिनरची वाफ थांबत नाही.

खरखर आलीच तर पूर्ण वाळल्यावर २००० चा पेपर पाण्यात भिजवून हलक्या हातानं घासा. रिव्हेटचे बारीक ठिपके जपून.