तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन लिनक्स कर्नल (सिस्टीमचा गाभा) टाकताना सगळी कॉन्फिग परत भरता का?

भेटला की जो तो हेच विचारतो. डिस्ट्रो (उबुंटूसारखं तयार लिनक्स) आयता कर्नल देते तर स्वतःचा कशाला, आणि नवीन व्हर्जन आलं की ते हजारो ऑप्शन परत निवडत बसता का? पहिल्याचं उत्तर एका शब्दात: खाज. दुसरं जरा लांब आहे.

परत काही भरायचं नसतं. जुनी डॉट कॉन्फिग फाईल (निवडलेले ऑप्शन हिच्यात असतात) उचलून नव्या सोर्समधे ठेवायची आणि मेक ओल्डकॉन्फिग ही कमांड चालवायची, मग जे नव्याने आलंय तेवढंच विचारतं. पण मी 6.6 वरून एकदम 6.12 वर उडी मारली, म्हणजे ऑक्टोबर 2023 वरून नोव्हेंबर 2024 वर, तेव्हा प्रश्न संपेचनात. लोक इथे कंटाळून ओल्डडेफकॉन्फिग मारतात, ते डीफॉल्ट घेऊन मोकळं होतं. मी आधी लिस्टन्यूकॉन्फिगने यादी बघतो, अर्धं तर माझ्याकडे नसलेल्या हार्डवेअरचंच असतं. खरा त्रास नाव बदललेल्या ऑप्शनचा, जुनं नाव गुपचूप गळून जातं, म्हणून शेवटी डिफकॉन्फिग स्क्रिप्टने जुनी-नवी फाईल ताडून बघायची. रूट डिस्कची फाइलसिस्टीम आणि एनव्हीएमई (एसएसडीचा ड्रायव्हर) मी वायच (थेट कर्नलमधे) ठेवतो, एम (गरजेला लोड होणारं वेगळं मॉड्यूल) नाही, इनिटरॅमएफएसचा (बूट होताना अशी मॉड्यूल्स पुरवणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीमचा) घोळ झाला तरी बूट व्हावं.

आता माझी फजिती. कंपाइल लवकर व्हावं म्हणून लोकलमॉडकॉन्फिग वापरलं, ते त्या क्षणी लोड असलेली मॉड्यूल्स बघतं आणि बाकीची उडवतं. कंपाइल मस्त झालं, दीड तासाचं काम वीस मिनिटांत. मग गुरुवारी दुपारी लाईट गेली (पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते सांगायला नको), वायफाय बंद, म्हटलं फोन यूएसबीने जोडून नेट घेऊ, तर काहीच नाही. फोन चार्ज होतोय पण नेटवर्क इंटरफेसच दिसेना, कारण लोकलमॉडकॉन्फिग चालवलं तेव्हा फोन जोडलेला नव्हता आणि फोनचं नेट यूएसबीवरून घेणारं आरएनडीआयएस होस्ट मॉड्यूल बनलंच नव्हतं! बॅटरी चाळीस टक्के, नशीब ग्रबमधे (बूटच्या मेनूत) 6.6 ठेवला होता, त्यात बूट करून ऑफिसचा कॉल घेतला.

तेव्हापासून जुना कर्नल महिनाभर तरी काढत नाही. आणि लोकलव्हर्जन या ऑप्शनमधे दर बिल्डच्या नावाला वेगळी शेपटी लावतो, नाहीतर त्याच व्हर्जनचा दुसरा बिल्ड लिब मॉड्यूल्समधल्या त्याच फोल्डरवर जाऊन बसतो आणि आधीचा चालणारा बिल्डही हातचा जातो.

आणि हो, आता लोकलमॉडकॉन्फिगच्या आधी फोन, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, प्रिंटर, सिरीयल केबल, जे घरात सापडेल ते जोडून घेतो. त्या दिवशी आमचं जेवणाचं टेबल तापकीर गल्लीतलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान वाटतं, आई ताट घेऊन उभी असते.