कोटाच्या तटाकडेने एक दिवस

रविवार

आजचा दिवस मुंबईच्या कोटात, म्हणजे फोर्ट भागात, पायी घालवायचा हे आधीच ठरलेले होते. मात्र गेटवे, राजाबाई टॉवर, वस्तुसंग्रहालय या रुळलेल्या क्रमाने न जाता, जी तटबंदी आता जवळजवळ कुठेच उभी नाही तिच्या कडेकडेने चालायचे, असा माझा आग्रह होता. नागपूरहून आलेला मावसभाऊ सोबत होता.

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या मागे, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात केली. डोंगरीच्या जुन्या किल्ल्याच्या जागी 1769 साली इंग्रजांनी तटबंदीला फोर्ट जॉर्जची जोड दिली होती, तिच्या भिंतीचा एक तुकडा येथे शिल्लक आहे. काळ्या दगडांच्या सांध्यांतून झाडाची मुळे उतरली आहेत आणि काही ठिकाणी दगड कोणता आणि मूळ कोणते हे हात लावल्याशिवाय कळत नाही. भावाने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "दादा, एवढ्याशा भिंतीसाठी मला पहाटे उठवलंस?"

त्याला चालता चालता सांगितले ते असे. चार्ल्स बून 1715 साली मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने गावाभोवती तट बांधून घेतला, तेव्हा इंग्रजांची झोप उडवणारे नाव कान्होजी आंग्रे यांचे होते. पुढे 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि त्या धसक्याने तटाबाहेर खंदक खोदण्याचे काम निघाले. त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी दिली. शाळेतल्या इतिहासात वसईचा विजय वसईपाशीच संपतो, त्याची धग मुंबईत कुठे आणि किती लागली हे आपण सहसा विचारत नाही.

तटाला तीन दरवाजे होते. बाजारगेट आजच्या मुख्य टपाल कार्यालयाच्या आसपास होते. तेथून आत शिरून बोरा बाजाराच्या बंद दुकानांमधून आम्ही हॉर्निमन सर्कलला आलो. टाऊन हॉलच्या उंच पायऱ्यांवर थोडे बसलो. तेथील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय रविवारी बंद असते, त्याची हळहळ वाटली, पण समोरचे सेंट थॉमस कॅथेड्रल उघडे होते. हे चर्च 1718 च्या नाताळात सुरू झाले आणि चर्चगेट हे नाव त्याच्यावरूनच पडले. आतल्या भिंतींवर इंग्रज मृतांच्या स्मारकशिळा आहेत. अर्धा तास आम्ही त्याच वाचत होतो. विशी-पंचविशीत गेलेले कितीतरी जण तेथे आहेत. गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या स्मारकात दोन बालके कोरली असून त्यांच्या हातातील पट्टीवर बनारस आणि काठियावाडातील बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. साम्राज्याने स्वतःची केलेली स्तुती एरवी मला फार वेळ वाचवत नाही, परंतु त्या बालकांपाशी मी थोडा जास्तच वेळ उभा राहिलो हे खरे.

दुपारी हुतात्मा चौकात आलो. चर्चगेट दरवाजा याच भागात होता. 1862 साली गव्हर्नर झालेल्या बार्टल फ्रियरने तट पाडायला घेतला आणि 1864 मध्ये येथे फ्लोराचे कारंजे उभे राहिले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहराला हातपाय पसरायला जागा हवी होती. पुढे क्रॉस मैदानाच्या कडेला 1725 सालची भिखा बेहराम विहीर आहे. समुद्र इतका जवळ असूनही तिचे पाणी गोडे आहे. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, म्हणून कुंपणाबाहेरूनच पाहिली.

ओव्हल मैदानावर क्रिकेटचे इतके डाव एकाच वेळी रंगले होते की कोणाचा चेंडू कोणाच्या क्षेत्ररक्षकाकडे जातो हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. तोफांच्या माऱ्याला आडोसा राहू नये म्हणून तटासमोर राखलेल्या मोकळ्या पट्ट्याचाच हा उरलेला भाग आहे. मैदानाच्या पूर्वेला गॉथिक इमारतींची रांग आणि पश्चिमेला, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर, आर्ट डेको घरांची रांग आहे. 2018 मध्ये दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि आपल्या आईचे नाव दिले. शेजारच्या उच्च न्यायालयाची वास्तू टिळकांना जेथे 1908 साली सहा वर्षांची शिक्षा झाली ती. सुटीमुळे बाहेरूनच नमस्कार केला.

काळा घोडा परिसर भरभर ओलांडून लायन गेटपाशी पोहोचलो, तेव्हा पाय बोलू लागले होते. तिसरा दरवाजा, अपोलो गेट, याच बाजूला होता. आत नौदलाची गोदी असल्याने पुढे जाता येत नाही. याच नौदलाच्या हद्दीत इंग्रजांच्या मूळ बॉम्बे कॅसलचे अवशेष आहेत, आणि तेथील नौदल तळाचे नाव 1951 पासून आय.एन.एस. आंग्रे असे आहे. हे भावाला सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला, पहाऱ्यावरच्या जवानाने आमच्याकडे रोखून पाहिले, आणि आम्ही निमूटपणे चहाच्या शोधात निघालो.