पान चढवताना

सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला. त्याआधी पंधरा-वीस दिवस गडहिंग्लजकडच्या एक जोगतीण आज्जी चौंडकं पिशवीत घालून आमच्या दुकानात येतात. पोकळ लाकडी नळा, बुडाला पातळ कातडं आणि त्यातून ओवलेली तात. नळा काखेत धरून तात छेडायची, ताण कमीजास्त केला की सूर वरखाली होतो. लग्न होऊन मी या घरात आले त्या वर्षी त्यांच्या चौंडक्याला मी पान, म्हणजे नवं कातडं, चढवलं. त्यांनी दोनदा छेडलं आणि खाली ठेवलं. "पोरी, हे बोलंना की. नुसतं हुंकार देतंय." कातडं जाड लागलं होतं. सासरे, म्हणजे आमचे मामा, खुर्चीतूनच म्हणाले, "काढ आणि परत चढव. पैसं घेऊ नकोस." माझी उमेदवारी तिथून सुरू झाली.

दुकान कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. चौंडकी, तुणतुणी, दिमड्या, हलग्या आणि धनगरी ढोल आम्ही करतो. संबळाची भांडी तांबटाकडून येतात, आम्ही फक्त मढवतो. कवड्यांच्या माळा आणि परड्या विकतो, पण त्या आमच्या हातच्या नाहीत. गिऱ्हाइकाला तसं सांगूनच देतो.

बकऱ्याचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, केस खरवडायचे, मग सावलीत ताणून वाळवायचं. उन्हात टाकलं तर ते पापडासारखं वाकडं होतं. ओलं असतानाच कड्यावर चढवायचं आणि वादी, म्हणजे चामड्याची दोरी, सगळीकडून सारखी ओढायची. एक बाजू जरा जास्त ओढली गेली तरी कानाला कळतं. माझ्या डाव्या अंगठ्याला वादीचा कायमचा घट्टा पडलाय. बाकी रंधा, पॉलिश वगैरे कुणीही करेल.

आमचं वर्ष पंचांगाप्रमाणे फिरतं. चैत्रात जोतिबा, आषाढात त्र्यंबोलीची जत्रा. पंचगंगेचं नवं पाणी 'पी ढबाक'च्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जातं आणि हलगीवाल्यांची आमच्याकडे रीघ लागते. ऑक्टोबरच्या सुमारास पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा. ढोल-कैताळाचा गजर, भंडारा आणि लोकरीची उधळण, फरांडे बाबांची भाकणूक. पाऊस कसा होणार, पिकं कशी येणार हे ऐकायला माणूस लोटतं. त्या गर्दीत माझा कान मात्र ढोलाकडे असतो, आपण मढवलेला कुठं वाजतोय ते शोधत.

खरा धंदा दुरुस्तीचा. नवं वाद्य माणूस एकदा घेतो, पण पान दर दोन-तीन वर्षांनी फाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४३. दुकानात छातीइतकं पाणी होतं. वाळवलेली कातडी सडली, ढोलाची खोडं फुगली आणि नंतर सुकताना चिरली. मामांनी नव्या मालाचा विषयच काढला नाही. म्हणाले, "लोकांची वाद्यं पण भिजल्यात. ती घेऊन येतील." आलीच. दिवाळीपर्यंत आम्ही नुसती पानंच चढवत होतो. त्यातली निम्मी उधारीवर. पुढच्या वर्षी जत्रा बंद झाल्या, तेव्हा ती उधारी हळूहळू आली आणि तिच्यावरच चूल पेटली.

दिमडीला पूर्वी घोरपडीचं कातडं लागायचं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे. तरी अजून कुणीतरी आवाज खाली करून "ते मिळंल का?" विचारतंच. मिळत नाही. बकऱ्याचं पातळ कातडं निवडून चढवलं तर नव्वद टक्के तोच आवाज येतो. उरलेले दहा टक्के माझ्या मते आठवणीतले असतात.

दुसरी एक मागणी मला जास्त खटकते. "अंगात येणारा ढोल द्या", "सिद्ध केलेली माळ आहे का?" असे फोन येतात, पैसेही तिप्पट देऊ करतात. मामांचं उत्तर ठरलेलं, "आमच्याकडं चुना आणि वादी हाय, बाकीचं देवाकडनं आणा." मी आपली २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची आठवण करून देते. फोन लगेच कट होतो.

दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका मुलीनं शमन ड्रम मागितला. रोज सकाळी पंधरा मिनिटं एकाच लयीत वाजवत बसायचं, तेच तिचं ध्यान. शमन म्हणजे अंगात येणारा भगत, शब्द सायबेरियातल्या तुंगूस भाषेतला. तिकडचं वाद्य म्हणजे लाकडी चौकटीवर रेनडिअरचं कातडं, धरायची मूठ आतल्या बाजूला. वाजवण्याआधी ते विस्तवावर शेकतात म्हणे. हे ऐकून मी हसले, हलगी आम्ही वेगळं काय करतो! सोळा इंची चौकट केली, बकऱ्याचं कातडं चढवलं, काठीच्या टोकाला लोकर गुंडाळली. जुलैत तिचा फोन, "ताई, आवाज बसला." ओल्या हवेनं कातडं सैल पडलं होतं. म्हटलं, गॅसवर धर, पण पापड भाजतो त्याहून बराच लांब. आता तसे वर्षाला पाच-सहा जातात.

गेल्या मार्गशीर्षात त्यातला एक भिंतीला टांगलेला होता. आज्जींनी उतरवून घेतला, बोटांनी चार ठोके दिले, कान लावून ऐकलं.

"ही कुणाच्या देवाची?"

लांब थंडीच्या मुलुखातली, मी सांगितलं.

"बोलतीय बरी," आज्जी म्हणाल्या. मग कड उलटीसुलटी करून बघितली. "पण कवड्या का न्हाईत लावल्या?"