तुम्ही विचारलंत म्हणून : घरमालकही तोच, धनीही तोच

शिकागोला आलेल्या मराठी पाहुण्यांना शहराच्या दक्षिण भागातील पुलमन ही वसाहत मी आवर्जून दाखवतो. लाल विटांच्या घरांच्या नीटस रांगा आणि फ्लॉरेन्स हॉटेलची डौलदार इमारत पाहून झाली की एक प्रश्न हमखास येतो : मालकाने कामगारांना इतकी चांगली घरे दिली होती, मग १८९४ साली त्यांनी संप का केला? या प्रश्नात ‘दिली’ हा शब्द फार उदारपणे वापरला जातो, म्हणून उत्तराची सुरुवात मी भाड्यापासून करतो.

रेल्वेचे शयनयान डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० साली हे गाव वसवायला घेतले. शिकागोतील मजुरांच्या कोंदट वस्त्यांच्या मानाने येथील नळाचे पाणी, गॅस आणि सांडपाण्याची व्यवस्था खरोखरच वाखाणण्याजोगी होती. मात्र गावातील प्रत्येक वास्तूने गुंतवणुकीवर सहा टक्के परतावा द्यावा, असा हिशेब होता आणि त्यातून चर्चसुद्धा सुटले नाही. त्याचे भाडे कोणत्याही पंथाला परवडेना, म्हणून ती देखणी इमारत कित्येक वर्षे रिकामी पडून होती. कामगाराला स्वतःचे घर विकत घेण्याची सोय नव्हती, आणि आसपासच्या वस्त्यांत तशाच घराला जे भाडे पडे त्याहून येथील भाडे वीस ते पंचवीस टक्क्यांनी जास्त होते, असे पुढे सरकारी चौकशी आयोगाने नोंदवले.

१८९३ च्या आर्थिक अरिष्टात नव्या डब्यांची मागणी आटली. कंपनीने मजुरी सरासरी पंचवीस टक्क्यांनी कापली, भाडे मात्र एका सेंटनेही उतरवले नाही. पुलमन यांचे म्हणणे असे की कारखाना आणि घरे हे दोन स्वतंत्र व्यवहार असून एकाच्या तोट्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. वसुलीच्या वेळी मात्र हे दोन्ही व्यवहार एकाच खिडकीवर येत. मजुरीतून भाडे परस्पर कापून घेण्यास इलिनॉय राज्याच्या कायद्याने मनाई केल्यावर कंपनीने कामगाराला दोन धनादेश देण्याची पद्धत काढली. त्यातील भाड्याच्या रकमेच्या धनादेशावर सही करून त्याने तो तेथेच परत करावा, अशी अपेक्षा असे, आणि उरलेल्या धनादेशात कधीकधी काही सेंटच शिल्लक राहत. तोट्याचे रडगाणेही पूर्ण खरे नव्हते. जुलै १८९३ ला संपलेल्या वर्षात कंपनीने सुमारे ७२ लाख डॉलर मजुरी आणि २५ लाख २० हजार डॉलर लाभांश दिला होता. पुढच्या वर्षी मजुरी सुमारे ४४ लाख ७० हजारांवर घसरली, तर लाभांश २८ लाख ८० हजारांवर चढला.

मे महिन्यात गाऱ्हाणे घेऊन गेलेल्या कामगारांच्या समितीतील तिघांना लगोलग कामावरून काढण्यात आले आणि ११ मे रोजी संप सुरू झाला. २६ जूनपासून युजीन डेब्स यांच्या अमेरिकन रेल्वे युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्यांवर बहिष्कार घातला, तेव्हा शिकागोच्या पश्चिमेकडील रेल्वे वाहतूक कोलमडली. न्यायालयाने मनाई हुकूम काढला, आणि टपालाची वाहतूक अडल्याचे कारण पुढे करून राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी गव्हर्नर ऑल्टगेल्ड यांचा विरोध डावलून सैन्य धाडले. संप चिरडला गेला, डेब्स तुरुंगात गेले.

पुलमनच्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणारे पोर्टर कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्यातील कोणालाही ‘जॉर्ज’ म्हणजे मालकाच्याच नावाने हाक मारण्याची प्रवाशांना खोड होती. बहिष्काराच्या तोंडावर भरलेल्या अधिवेशनात कृष्णवर्णीयांना सभासद न करण्याचा ठराव युनियनने ११२ विरुद्ध १०० मतांनी कायम ठेवला. हे सांगितल्यावर पाहुणे थोडे हिरमुसतात, कारण तोवर कामगारांची बाजू त्यांना पुरती पटलेली असते. पण हे वगळून संपाची गोष्ट सांगणे मला अप्रामाणिक वाटते.

घरांचा निकाल संपाने नव्हे, न्यायालयाने लावला. कंपनीला मिळालेली सनद रेल्वेचे डबे बनवण्याची आहे, गाव चालवण्याची नव्हे, असे ठरवून इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९८ मध्ये कारखान्याला न लागणारी मालमत्ता विकण्याचा आदेश दिला. पुलमन त्याआधीच, १८९७ च्या ऑक्टोबरमध्ये वारले होते.